दोन विषयांची डिग्री म्हणजे दोन्हीकडे कच्चं?

कला-इतिहास किंवा म्युझियम स्टडीजसोबत दुसरा विषय जोडून डिग्री करायची म्हटलं की आईवडिलांचा एकच प्रश्न येतो, एक ना धड भाराभर चिंध्या तर होणार नाही ना? दरवर्षी चार-पाच घरं तरी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात, म्हणून मागच्या वर्षीची एक केस लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

चिपळूणकडचं कुटुंब. मुलगी नुकतीच बारावीत गेलेली, सायन्स, केमिस्ट्री आवडीची. तिने स्कॉटलंडमधल्या विद्यापीठातला कला-इतिहास आणि इतिहास असा जॉइंट कोर्स शोधून काढला होता, चार वर्षांचा, शेवटी हातात एमए. बाबा म्हणाले, "मॅडम, अर्धा हा विषय नि अर्धा तो, मग नोकरी देणारा हिला कोण समजणार? पण चार वर्षांत एमए होतेय हे मात्र चांगलंय, दोन वर्षं वाचतील."

आधी हा एमएचा गैरसमज काढला. सेंट अँड्र्यूज, एडिंबरा, ग्लासगो या जुन्या स्कॉटिश विद्यापीठांत आर्ट्सच्या पहिल्या डिग्रीलाच एमए ऑनर्स म्हणतात, जुनी पद्धत आहे ती, म्हणजे ती आपल्या बीएच्या जागी धरायची, बीएच्या पुढची नाही. बाबांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि "अर्धं अर्धं" म्हणाल तर कोर्सच्या नावातच बघायचं, मध्ये "अँड" असेल तर साधारण दोन्ही विषय बरोबरीचे, "विथ" असेल तर पहिला मुख्य नि दुसरा जोडीला. शेवटच्या वर्षाचा प्रबंध कुठल्या विषयात करता येतो तेही विचारून घ्यायचं, कारण खोली तिथे कळते. शिवाय एक डिग्री दोन विषयांची असणं वेगळं, दोन विद्यापीठांनी मिळून दिलेली डिग्री वेगळी, आणि यूजीसीने 2022 मध्ये एका वेळी दोन फुलटाइम डिग्र्या करायला मुभा दिली ते आणखी वेगळं. या तिन्हीची घरोघरी खिचडी झालेली असते.

हे सगळं होईपर्यंत मुलगी गप्प होती. मी तिला विचारलं, तू म्युझियममध्ये नेमकं काय करताना दिसतेस स्वतःला? तर तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. घरच्या देवघरातली धातूची जुनी देवी, वीतभर उंच. नाक डोळे झिजून जवळजवळ सपाट झालेले आणि पायांच्या बेचक्यात फिकट हिरव्या पावडरीचे ठिपके. आजी दर सणाला चिंच आणि मीठ लावून घासते, मूर्ती लख्ख होते, नि थोड्या दिवसांनी हिरवं परत येतं. "मॅडम, मिठातलं क्लोराईड खाचेत राहत असेल ना? वर आमच्याकडची दमट हवा."

अगदी बरोबर पकडलं होतं तिने. तांब्याच्या मिश्रधातूत क्लोराईड अडकलं आणि ओल मिळाली की धातू आतून खाल्ला जातो, याला ब्राँझ डिसीझ म्हणतात, वरून कितीही घासा, जात नाही. मग मी विचारलं, तुझ्या हातात असती तर काय केलं असतंस? ती म्हणाली हिरवं काढलं असतं, पण चेहरा नवीन नसता घडवला, कारण तो पणजीच्याही आधीपासूनच्या बायकांच्या हातांनी झिजलाय. पुढे म्हणाली, पण आजीला अभिषेक बंद कर असं कसं सांगायचं, ती पूजेतली देवी आहे, काचेच्या कपाटातली नाही.

मला तर भरूनच आलं. हिरवं का येतं ते केमिस्ट्री सांगेल, काय काढायचं नि काय ठेवायचं ते केमिस्ट्री नाही सांगत, त्यासाठी मूर्ती कुठल्या काळातली, कुणी कशी पुजली हे कळायला हवं. या मुलीचे दोन विषय त्या वीतभर मूर्तीत आधीच एकत्र आलेले होते आणि निवडलेल्या कोर्समध्ये नेमकी केमिस्ट्रीच सुटत होती! बाबांची काळजी खरी होती पण भलतीकडे लागलेली. विषय दोन आहेत हा प्रॉब्लेम नव्हता, जोडी चुकत होती.

मग मी तिला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्सबद्दल सांगितलं. तिथलं कॉन्झर्व्हेशनचं, म्हणजे जुन्या वस्तू जपण्या-दुरुस्त करण्याचं सेंटर 1960 पासून आहे, चार वर्षांत कला-इतिहासाची एमए आणि कॉन्झर्व्हेशनची एमएस अशा दोन्ही डिग्र्या मिळतात, पण ते ग्रॅज्युएशननंतर, आणि प्रवेशाला केमिस्ट्री लागते, ऑरगॅनिकसकट. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचा (म्हणजे म्युझियम स्टडीजच) आणि कला-इतिहासाचा विभाग एकाच फाइन आर्ट्स फॅकल्टीत आहेत, नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये कला-इतिहास, कॉन्झर्व्हेशन, म्युझिऑलॉजी तिन्हीत एमए होते, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे.

बाबांना मी खोटा दिलासा दिला नाही. सरकारी म्युझियममध्ये जागा कमी निघतात, वाट बघावी लागते, सुरुवातीचा पगार आयटीसारखा नसतो. पण केमिस्ट्रीची डिग्री हातात असली की लॅबचा रस्ता उघडा राहतो, यावर त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

ती आता पुण्यात बीएस्सी करतेय, केमिस्ट्रीच घेऊन. सुट्टीच्या दिवशी म्युझियममध्ये जाते, एकच वस्तू निवडते, तासभर बघून वहीत लिहिते, ते मीच सुचवलं होतं. दिवाळीत फोन आला. आजीने चिंच-मीठ सोडलंय, अभिषेक मात्र चालू आहे, झाल्यावर मूर्ती मऊ कापडाने खाचांतून कोरडी करतात आणि ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय.