नवीन मेडिकलवर एफडीएची तपासणी आली तर नेमकं काय बघतात?

तुम्ही विचारलंय की होटगी रोडला नवीन मेडिकल टाकलंय, ड्रग इन्स्पेक्टर (एफडीए म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी) न सांगता येतात का आणि आल्यावर काय काय बघतात. हो, न सांगता येतात, कायद्यानं त्यांना तसा अधिकारच आहे. मी फार्मासिस्ट आहे, सोलापुरातच माझं दुकान आहे.

किरकोळ औषधविक्रीचं 20 आणि 21 नंबरचं लायसन भिंतीवर लावलंय का ते बघतातच, पण पहिला प्रश्न असतो फार्मासिस्ट कुठंय. सर्टिफिकेट एकाचं भाड्यानं आणलेलं आणि काउंटरवर भलतंच पोरगं, हा प्रकार प्लीज करू नका, मला याची मनापासून चीड आहे. अहो अक्कलकोट, मोहोळकडनं येणारी म्हातारी माणसं गोळी पट्टीच्या रंगावरून ओळखतात, कंपनी बदलली की गोंधळतात, त्यांना नीट समजावून सांगणारं कुणीतरी तिथं बसलेलं पाहिजेच.

मग एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या सरकारी यादीचं (शेड्यूल एच-वन). हे 1 मार्च 2014 पासून लागू आहे, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि 3 वर्षं जपून ठेवायचं. समजा याच यादीतल्या अल्प्राझोलमचं एक खरेदी बिल काढलं, तर किती स्ट्रिपा आल्या, शेल्फवर किती आहेत आणि मधल्या गेल्या कुठं हे रजिस्टर आणि विक्रीच्या बिलांवरून तिथंच मोजता येतं, त्यामुळं रात्री बसून एकदम लिहू असं करू नका, माल देतानाच लिहायचं. एक्सपायरीचा माल वेगळ्या खोक्यात, वर 'विक्रीसाठी नाही' असं मोठ्या अक्षरात.

आता आपल्या गावचा खरा विषय म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये इथं पारा 42-43 ला जातो आणि बऱ्याच औषधांवर 30 अंशांखाली, काहींवर 25 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. वर पत्रा असेल तर दुपारी माळ्यावरच्या खोक्यांना हात लावून बघा, सिरपच्या बाटल्या गरम लागतात. इन्शुलिनला 2 ते 8 अंश लागतात, फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवा, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा, दाराच्या कप्प्यात इन्शुलिन नको आणि त्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या, डबे तर अजिबात नकोत. लाईट गेली तर फ्रीजला इन्व्हर्टर पाहिजे.

हे नुसतं साहेबांना दाखवायला नाहीये बरं का. ते सॅम्पल घेतात तेव्हा त्याची वाजवी किंमत देऊ करतात, 17 नंबरचा फॉर्म देतात, सील केलेला एक भाग तुमच्याकडं राहतो, तो हरवू नका. सॅम्पल फेल गेलं तर औषध कायद्याचं कलम 19 दुकानदाराला वाचवतं, पण कधी, तर माल लायसनवाल्याकडनंच घेतलेला असेल, त्यात खोट आहे हे तुम्हाला माहीत नसेल, नीट लक्ष देऊनही कळण्यासारखं नसेल, आणि तो तुमच्याकडं नीट साठवलेला असेल. म्हणून बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल कितीही जवळच्या माणसानं आणला तरी दारातनंच परत पाठवा, आणि टेंपरेचरची वही बिलांच्या फाईलसोबतच ठेवा.

शेवटी ते 35 नंबरच्या तपासणी वहीत शेरा लिहितात. शांतपणे वाचा, पटलं नाही तर तिथं वाद न घालता लेखी म्हणणं द्या. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या, आणि लायसन सस्पेंड झालंच तर 3 महिन्यांच्या आत राज्य सरकारकडं अपील करता येतं.