सोशोला येतोयस ना, मग आधी क्लबची गोष्ट ऐक

तू लिहिलंयस की कंपनीकडून तीन वर्षांसाठी पुण्याहून फ्रान्सला, सोशोला येतोयस, फ्रेंच जेमतेम ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीचं झालंय, आणि गाव एवढं छोटं तर लोकांत मिसळायचं कसं. पहिला हिवाळा जड जातो रे, खोटं कशाला सांगू. मी सात वर्षं शेजारच्या माँबेलियारला राहतेय. कागदपत्रांचं खाली लिहिते, पण जे मला येताना कुणीच सांगितलं नाही ते आधी. इथला फुटबॉल क्लब समजून घे, फुटबॉल बघत नसलास तरी.

कारण हा क्लब प्युजो मोटारींच्या कारखान्याच्या पोटातून आलाय. 1928 मध्ये जाँ-पिएर प्युजोने काढला, 1930 ला माँबेलियारचा क्लब त्यात आला म्हणून पूर्ण नाव एफसी सोशो-माँबेलियार. त्या काळी फ्रान्समध्ये खेळाडूंना उघड पगार देता यायचा नाही, प्युजो म्हणाला आम्ही देणार, स्वतःची सोशो कप भरवली, आणि 1932 ला देशात व्यावसायिक लीग सुरू झाली. 1935 आणि 1938 ला हेच चॅम्पियन. पिवळा-निळा रंग, छातीवर सिंह, आणि खेळाडूंना म्हणतात लियाँसो, म्हणजे छावे! स्टेडियमला नाव आहे ओग्युस्त बोनाल यांचं, क्लबचं काम बघायचे, महायुद्धात जर्मनांनी त्यांना मारलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, मोरोक्कोहून तरुणपणी आले, आख्खी नोकरी पेंट शॉपमध्ये काढली. वर्षभर आमचं फक्त बाँजूर चालायचं. एकदा त्यांच्या बाल्कनीत वाळत टाकलेला पिवळा-निळा मफलर बघून मी विचारलं, तर घरात बोलावलं, कॉफी केली आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून 2007 च्या फ्रेंच कप फायनलचं तिकीट काढलं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. मार्सेसारख्या मोठ्या टीमशी 2-2, मग पेनल्टीवर जिंकले. पेनल्टी कोण कोण मारायला गेलं ते त्यांनी टेबलावर साखरेचे खडे मांडून दाखवलं. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

आता दुखरी बाजू, ती माहीत असलेली बरी. 2014 ला टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली आणि 2015 ला प्युजोने क्लब एका चिनी कंपनीला विकून टाकला. जवळजवळ नव्वद वर्षांचं नातं! आपल्याकडे किर्लोस्करवाडीतून किर्लोस्कर निघून गेले असं कुणी सांगितलं तर कसं वाटेल, तसं. 2020 ला पुन्हा मालक बदलला, आणि 2023 च्या उन्हाळ्यात पैशांचा प्रश्न एवढा चिघळला की क्लबला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, नासिओनालमध्ये ढकललं आणि बंदच पडतो की काय अशी वेळ आली. तेव्हा जुने अध्यक्ष जाँ-क्लोद प्लेसीस, इथले व्यावसायिक आणि सोशिओशो नावाची चाहत्यांची संघटना उभी राहिली. लोकांनी वर्गणी काढली रे, अक्षरशः. आजोबांनी पेन्शनमधून दिले, मीही दिले, आणि ऑगस्टमध्ये क्लब वाचला म्हटल्यावर ते जिन्यात रडले. म्हणून कुणाला "थर्ड डिव्हिजन खेळलेत ना?" असं सहज म्हणून जाऊ नकोस, लागतं त्यांना.

बाकी, लाँग स्टे व्हिसा फ्रान्सला पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट कर, विसरू नकोस. घरमालक गॅरंटर मागतो, विसाल नावाची फुकट गॅरंटी आहे, त्यात बसतोस का ते घर शोधायच्या आधी बघ. आणि टीजीव्हीचं, म्हणजे वेगवान रेल्वेचं, बेलफोर-माँबेलियार स्टेशन गावात नाहीये, बाहेर आहे, रात्री उशिराची गाडी घेऊ नकोस.

फेब्रुवारीत उतरलास की मेसेज कर, बोनालला होम मॅच असेल तर आजोबा आणि मी तुला घेऊन जाऊ. थर्मल आणि जाड मोजे पुण्यातूनच आण, मफलर आजोबा देतील.