शेजाऱ्याचा बांबू गडग्याखालून आपल्या परसात आला तर

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या एका गावात माझं घर आहे. शेजाऱ्यांनी 6 वर्षांपूर्वी आडोशासाठी नर्सरीतून शोभेचा बांबू आणून सामाईक गडग्याला (चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला) लागून लावला. आता त्याचे कोंब गडग्याखालून येऊन माझ्या बाजूला 8 फुटांवर, अबोलीच्या वाफ्यात फुटतात. गडग्याचे चार चिरे उचकटलेत. मी तीन कोंब तोडले, तर ते म्हणाले, ‘याला वनखात्याची परवानगी लागते, पोलिसांत जाईन.’ माझ्या शोभेच्या गवताचं बी त्यांच्या अंगणात उडतं, अशी त्यांची उलट तक्रारही आहे. मी निवृत्त शिक्षिका, एकटीच राहते. काय करू?

उत्तर : ताई, आधी मनातली भीती काढून टाका. स्वतःच्या जमिनीत फुटलेले कोंब तोडलेत, यात तुम्ही कुठलाही गुन्हा केलेला नाही.

वनखात्याची गोष्ट जुनी झाली. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत होता, म्हणून खाजगी जमिनीतल्या बांबूलाही परवान्याचं लचांड असायचं. 2017 च्या दुरुस्तीने तो या व्याख्येतून वगळला. मुळात बांबू हे गवतच. तुमच्या परसातला कोंब तोडायला वनखात्याकडे जायची गरज नाही. आंबा, फणस, साग यांची गोष्ट निराळी, त्यांना 1964 चा राज्याचा वृक्षतोड कायदा लागतो. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वाचकांनी मात्र तिथल्या वृक्ष अधिकाऱ्याला विचारूनच कोयता उचलावा.

आता हक्काचं. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी किंवा मूळ आपल्या हद्दीत आलं, तर हद्दीपर्यंत ते कापायचा हक्क जमीनमालकाला असतो. कितीही वर्षं मुळं येत राहिली, तरी दुसऱ्याच्या जमिनीत ती पसरवायचा सुखाधिकार, म्हणजे वहिवाटीने मिळणारा हक्क, शेजाऱ्याला मिळत नाही. पण हा हक्क हद्दीवर संपतो. गडगा ओलांडून त्यांच्या बाजूला एक पाऊल टाकलंत, तर अतिक्रमणाची तक्रार तुमच्यावर होईल, आणि ती टिकेल. कापलेल्या काठ्या विकू नका, शेजाऱ्यांच्या बाजूला फेकूही नका. आपल्याच आवारात रचून ठेवा आणि ‘घेऊन जा’ असं लेखी कळवा.

माझी खरी काळजी एकाच गोष्टीची आहे. कुणी तुम्हाला मुळांवर तणनाशक ओतायचा सल्ला देईल. ते कदापि करू नका. जमिनीखाली दोन्हीकडचे कंद एकमेकांना जोडलेले असतात. औषध आतून पलीकडे जातं, शेजाऱ्यांचा बांबू वाळतो, आणि आज फिर्यादी असलेल्या तुम्ही उद्या आरोपी होता. शिवाय आपल्याकडे विहीर चार पावलांवर असते, त्याच विहिरीचं पाणी घरात येतं.

तुमच्या पत्रातल्या ‘सामाईक’ या शब्दापाशी मी थबकलो. गडगा खरंच सामाईक आहे की नुसतं बोलण्यात आहे? कोकणात सातबारा एक सांगतो आणि गडगा भलतीकडेच उभा असतो. माझ्याकडच्या एका दाव्यात दोन्ही पक्ष चार वर्षं बांबूवर भांडत होते. कोर्टाने पाहणीसाठी नेमलेले कमिशनर टेप घेऊन आले तेव्हा कळलं, ज्या बेटाची मुळं उपटायची होती ते अर्धंअधिक फिर्यादीच्याच जमिनीत होतं. म्हणून आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका. नकाशा हातात येईपर्यंत गडग्याला लागून खणू नका. अबोलीच्या वाफ्यातले कोंब मात्र खुशाल तोडा.

दुसरा पुरावा बांबूच्या जातीचा. आपला माणगा, चिवा बेट करून राहतो, सावकाश रुंदावतो. 8 फुटांवर कोंब काढणारा बहुधा धावत्या कंदाचा असावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयातून लेखी अभिप्राय मिळाला, तर ‘निसर्गाने आलं, मी काय करू’ हा शेजाऱ्यांचा बचाव लंगडा पडेल. चिऱ्यांचे फोटो आजच काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून.

मग साध्या भाषेत, स्पीड पोस्टाने नोटीस द्या. त्यात मागणी नेमकी हवी: हद्दीला समांतर त्यांच्या बाजूला चर खणून दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकचा अडसर घालावा, तो जमिनीवर दोन-तीन इंच राहावा, आणि गडग्याची दुरुस्ती करून द्यावी. संपूर्ण बांबू काढा अशी मागणी करू नका. आडोसा हवा ही त्यांची गरज खोटी नाही, आणि न्यायालयही आधी कमी कडक उपाय बघतं.

ऐकलं नाही, तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (कोर्टात दावा टाकण्याआधीचं) प्रकरण द्या. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. निवृत्तिवेतनातले पैसे मोडायची गरज नाही. तिथेही जमलं नाही, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 खाली कलम 38 आणि 39 प्रमाणे मनाईचा आणि अडसर घालायला लावणारा आदेश मागता येतो, भरपाईही. उपद्रव चालूच असल्याने मुदत गेली असं ते म्हणू शकणार नाहीत.

आणि तुमचं गवत. वाऱ्याने उडालेल्या बियांसाठी तुम्हाला जबाबदार धरणं अवघड आहे. पण शिमग्यानंतर वाळलेल्या झुबक्यांना ठिणगी लागून आग शेजाऱ्यांच्या कलमी झाडांपर्यंत गेली, तर तुमचा निष्काळजीपणा सिद्ध होऊ शकतो, आणि भरपाईचा आकडा तुमच्या चार चिऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा असेल. तुरे पिकायच्या आत ते वीतभर ठेवून कापा, गडग्यापासून हातभर पट्टा मोकळा ठेवा. नोटिशीतही तसं लिहा: मी माझं आवरलं आहे, आता तुम्ही तुमचं आवरा.

मोजणीला वेळ लागतो आणि नवे कोंब पावसात फुटतात. अर्ज या आठवड्यातच द्या.