आरशाचा टीपॉय आणि मुलाचं करिअर

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. सुट्टीत त्यानं आरसा, काच आणि एलईडीची पट्टी वापरून एक टीपॉय बनवला. वरून बघितलं की आत विहिरीसारखी खोली दिसते. आता म्हणतो, इंजिनिअरिंग नको, असंच फर्निचर डिझाइन करायचं. त्याचे वडील म्हणतात, एवढं शिकून सुतारकाम करणार का? आम्ही काय करावं?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, त्याचा टीपॉय मला बघायला आवडेल. खाली पूर्ण आरसा, वर थोडा प्रकाश परतवणारी आणि थोडा सोडणारी काच, मध्ये दिवे. प्रकाश दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालतो आणि दर फेरीला त्यातला थोडा वरून बाहेर पडतो, म्हणून दिव्यांच्या प्रतिबिंबांची खालची प्रत्येक रांग आधीपेक्षा मंद दिसते. दिव्यांची पट्टी बरोबर मध्यावर असेल तर रांगा सारख्या अंतरानं दिसतात. ती वर-खाली सरकली की दोन-दोनच्या जोड्या होतात. आरसा आणि काच समांतर नसतील तर सगळी खोली एका बाजूला वाकते. मुलानं हे एकट्यानं जमवलं असेल, तर बारावीचं प्रकाशशास्त्र त्याच्या हातात उतरलंय.

आणि हा सगळा खेळ मिलिमीटरचा आहे, म्हणजेच सुतारकामाचा. त्याच्या वडिलांना एवढंच सांगा, की याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा सहकाऱ्यांच्या मदतीनं घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांचं आडनाव मेस्त्री होतं. हातातल्या कारागिरीला कमी लेखू नका. माझं स्पष्ट मत आहे, की रंधा न धरलेला फर्निचर डिझायनर अर्धवट राहतो.

शिक्षणाचं म्हणाल, तर बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, चार वर्षांची असते. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फर्निचर आणि इंटिरिअर डिझाइन शिकता येतं, काच आणि सिरॅमिकचाही वेगळा विभाग आहे. तिथं डीएटी ही प्रवेश परीक्षा लागते. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी यूसीड ही परीक्षा. दोन्हींना बारावीची कोणतीही शाखा चालते आणि चित्रकलेइतकंच निरीक्षण आणि आकार डोळ्यांसमोर फिरवून बघणं तपासलं जातं. सीईटीचा अभ्यास मात्र सोडू देऊ नका. इंजिनिअरिंग करूनही पुढं सीड ही परीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येते, त्यामुळं ते दार बंद होत नाही. आणि कुठंच जागा मिळाली नाही, तर आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेडही मी आनंदानं सुचवेन.

पैशाचं खरं सांगते. हॉटेलं, सलून, गुजरीतल्या सराफांची अरुंद दुकानं, प्रदर्शनाचे स्टॉल अशा ठिकाणी आरसा आणि प्रकाशाच्या कामाला मागणी असते, पण ती सलग नसते. फक्त चकवणारं टेबल करून घर चालणार नाही. साधं कपाट आणि बसायला सोयीची खुर्चीही त्याला यायला हवी.

आत्ता त्याला दुसरा टीपॉय करू द्या, पण या वेळी आधी मापात ड्रॉइंग काढून. उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडं अॅल्युमिनियमची चौकट करून घ्यावी आणि तिथं उभं राहून बघावं. वरची काच टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, घ्यावी, आणि कापणं, भोक पाडणं सगळं टफन करायच्या आधी, कारण नंतर ती कापता येत नाही, फुटते. आरशाच्या कडा नीट बंद केल्या नाहीत, तर आपल्या पावसाळ्यात ओल शिरून काळे डाग पडतात. पट्टी जळाली तर टेबल न फोडता कशी बदलायची, याचा विचार त्यानं केलाय का, तेही विचारा. गिऱ्हाईक पहिल्या वर्षानंतर हेच विचारतं.

या सगळ्याचे फोटो, चुकलेल्या मापांसकट, वहीत ठेवायला सांगा. पुढं ती वही कामाला येईल. या परीक्षांचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात, तेव्हा सप्टेंबरपासूनच दोन्ही संस्थांच्या अधिकृत वेबसाइट बघत राहा.