घरगुती फराळ : भाव आणि नोंदणी

प्रश्न : मी लालबागच्या चाळीत राहते. गेल्या दिवाळीत ओळखीच्यांना चकल्या करून दिल्या. मागणी भरपूर आली, पण हातात काहीच उरले नाही. परवाना लागतो का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपण बहुधा भाजणी आणि तेल एवढेच मोजले असावे. एक किलो चकली तळून होईपर्यंत कढईतले तेल किती घटले, गॅस किती वेळ पेटता होता, किती चकल्या तुटल्या (त्या घरच्यांनी चहाबरोबर संपवल्या तरी खर्च आपलाच), पिशव्या, पोहोचवण्याचे भाडे आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या तासांची मजुरी, हे सारे वहीत मांडल्यावरच भाव ठरवावा. ओळखीच्यांना सवलत द्यायचीच असेल, तर ती नफ्यातून द्यावी, मजुरीतून नव्हे.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी आवश्यक आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. याहून वेगळी असलेली उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये.