पत्र्याचा ग्रेड वाढवण्याआधी लिपच्या घडीला दोरा लावून पाहा

आपण लिहिले आहे की 200 मिमी वेब (मधली रुंद पाटी), 1.6 मिमी जाडी आणि 350 मेगापास्कल यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते) असलेला लिप्ड चॅनेल, म्हणजे पत्रा घडवून केलेला, कडा आत वळवलेला C आकाराचा घटक, आपण कॉलम म्हणून वापरलात, हिशेबाने तो भार सहज पेलायला हवा होता, पण चाचणीत अपेक्षित भाराच्या दोन-तृतीयांशावरच त्याच्या फ्लँज (वेबच्या दोन्ही कडांना काटकोनात असलेल्या बाजू) आत मिटू लागल्या आणि म्हणून आता 450 मेगापास्कलचा, म्हणजे अधिक ग्रेडचा, पत्रा मागवण्याचा आपला विचार आहे. हे वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच टप्प्यावर मी पत्रा बदलला होता आणि ती माझ्या कामातली सर्वांत महागात पडलेली चूक ठरली.

आपण सांगितलेले लक्षण डिस्टॉर्शनल बकलिंगचे दिसते (बकलिंग म्हणजे दाबाखाली पत्रा एकाएकी वाकणे). खात्री करायची असेल, तर पुढच्या चाचणीत फ्लँज आणि लिप (फ्लँजच्या टोकाची आत वळवलेली अरुंद कडा) यांच्यामधल्या घडीच्या बाजूने एक दोरा ताणून बांधा आणि वेब-फ्लँजच्या कोपऱ्यात गुण्या लावून ठेवा. लोकल बकलिंगमध्ये पत्र्याच्या सपाट भागावर लाटा उमटतात, पण घड्या सरळ राहतात. डिस्टॉर्शनलमध्ये मात्र लिपसकट संपूर्ण फ्लँज वेबच्या घडीभोवती फिरते, त्यामुळे दोरा आणि घडी यांत अंतर पडते आणि गुण्याच्या कोपऱ्यातून उजेड दिसू लागतो. लोकलची अर्धलाट (लाटेच्या एका फुगवट्याची लांबी) साधारण वेबच्या रुंदीएवढी किंवा त्याहून थोडी कमी असते, तर डिस्टॉर्शनलची त्याच्या कितीतरी पट लांब असते.

माझ्या वेळी मी बकलिंगचा आलेख (अर्धलाटेच्या लांबीनुसार बकलिंगचा भार दाखवणारा) काढला होता, पण त्यातला पहिलाच तळ, म्हणजे लोकलचा, वाचून थांबलो. पुढचा उथळ, म्हणजे डिस्टॉर्शनलचा, तळ आहे की नाही हे मी पाहिलेच नाही. चाचणी फसल्यावर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडे कागद पाठवले, तेव्हा इफेक्टिव्ह विड्थचा (पत्र्याच्या रुंदीतला भार पेलणारा भागच धरण्याचा) हिशेब आणि स्लेंडरनेस रेशो (कॉलमच्या सडपातळपणाचे प्रमाण) मर्यादेत असल्याचे पाहून त्यांनी एका ओळीत ‘अधिक ग्रेडचा पत्रा वापरावा’ असा शेरा मारला. कॉलम कोणत्या प्रकारे निकामी झाला, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. चाचणीची छायाचित्रे फाइलमध्ये लावलेली असताना ती उघडूनही न पाहता शेरा मारणे मला आजही बेजबाबदारपणाचे वाटते. अर्थात तो शेरा न पारखता मी पत्र्याची संपूर्ण कॉइल (गुंडाळी) मागवली, ही जबाबदारी माझीच.

ग्रेड का उपयोगी पडला नाही, ते आकड्यांतच पाहा. इलॅस्टिक बकलिंगचा भार आकार, जाडी आणि इलॅस्टिक मॉड्युलसवर (पोलादाच्या ताठरपणावर) ठरतो. यील्ड स्ट्रेंथचा त्यात संबंध नसतो. संशोधक शेफर आणि पेकॉझ यांनी 1998 मध्ये मांडलेली डायरेक्ट स्ट्रेंथ पद्धत (बकलिंगच्या भारावरून थेट क्षमता काढणारी) 2004 मध्ये थंड अवस्थेत घडवलेल्या पोलादाच्या उत्तर अमेरिकी संहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली आणि 2016 च्या आवृत्तीत मूळ मजकुरात आली. तिच्या डिस्टॉर्शनल सूत्रात, समजा, बकलिंगचा भार यील्ड भाराच्या (यील्ड स्ट्रेंथ गुणिले छेदाचे क्षेत्रफळ) 0.6 पट आहे, तर कॉलमची क्षमता यील्ड भाराच्या सुमारे 60 टक्के येते. आता 350 ऐवजी 450 चा पत्रा घेतला, तर यील्ड भार जवळपास 29 टक्क्यांनी वाढतो, पण क्षमता जेमतेम 14 टक्क्यांनी. आणि कॉलम उंच व सडपातळ असून संपूर्ण लांबीत वाकत किंवा पिळवटत असेल, तर वाढीव ग्रेडचा फायदा शून्य.

माझे मत असे की पैसा आकारावर खर्च करावा. लिप थोडी लांब करा, पण फार नको, कारण सुटी कडा असलेली लांब लिप स्वतःच लोकल बकलिंगला बळी पडते. प्रोफाइल बदलणे शक्य नसेल, तर उघड्या बाजूला दोन्ही लिपना जोडणाऱ्या पट्ट्या डिस्टॉर्शनल अर्धलाटेपेक्षा कमी अंतरावर बसवा. केवळ वेबला धरणारे ब्रेसिंग (आडवे आधार) फ्लँजचे फिरणे रोखत नाही. माझ्या कामात अखेर पट्ट्यांनीच प्रश्न सुटला, तोही जुन्याच 350 च्या पत्र्यावर.

आणखी एक गोष्ट, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जाडी जस्ताचा थर काढून मोजा. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त म्हणजे जवळपास 0.04 मिमी, आणि तो थर हिशेबात धरायचा नसतो. लोकल बकलिंगचा भार जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणून पत्रा 5 टक्क्यांनी पातळ निघाला तर तो भार 14 टक्क्यांनी घटतो.

हे सर्व आपल्या वर्णनावरून लिहिले आहे. आरेखन आणि टोकांची जोडणी मी पाहिलेली नाही, त्यामुळे अंतिम निर्णय जबाबदार अभियंत्यानेच घ्यावा. वेबमध्ये ओळीने छिद्रे असतील, तर वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. कॉइलची ऑर्डर मात्र दोऱ्याची चाचणी होईपर्यंत थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.