शहर डेमोक्रॅट असतं म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा, मी जोगेश्वरीला राहते. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन नावाच्या छोट्या शहरात असतात, दोघांचं ग्रीन कार्ड आहे. जावई म्हणतात आमचं शहर एकदम डावं, रिपब्लिकन औषधालाही सापडायचा नाही. पण मुलगी म्हणते मार्चमध्ये शहराचं व्होटिंग असतं तेव्हा तिच्या ऑफिसात बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. इतके शिकलेले लोक, मग असं का? आणि या दोघांना तिथे मत देता येतं का?

उत्तर: ताई, दोघांचंही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय ते शहर कळणार नाही.

बर्लिंग्टनची लोकसंख्या सुमारे 45 हजार, म्हणजे आपल्या मुंबईतल्या सरासरी एका वॉर्डापेक्षाही कमी. अमेरिकेत दोन मोठे पक्ष, उजवीकडे झुकलेला रिपब्लिकन आणि डावीकडे झुकलेला डेमोक्रॅटिक. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत बर्लिंग्टन डेमोक्रॅटिक पार्टीला भरभरून मतं देतं. पण शहराच्या राजकारणात खरी लढत असते डेमोक्रॅट विरुद्ध प्रोग्रेसिव्ह पार्टी, म्हणजे डावे विरुद्ध आणखी डावे. मार्च 2024 मध्ये प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या एमा मल्व्हेनी-स्टॅनक मेयर झाल्या, शहराच्या पहिल्या महिला मेयर, आणि हरवलं कोणाला तर डेमोक्रॅट उमेदवाराला. त्याच व्हरमाँटचे गव्हर्नर फिल स्कॉट मात्र रिपब्लिकन आहेत, 2017 पासून, आणि लोक त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देतात. अजून मागे गेलात तर हे राज्य 1856 पासून शंभर वर्षांहून जास्त काळ राष्ट्राध्यक्षासाठी रिपब्लिकनलाच मत देत आलं, 1964 साली पहिल्यांदा डेमोक्रॅटकडे गेलं. त्यामुळे जावईबापूंनी औषधालाही सापडत नाही असं म्हणताना जरा थांबावं, लोक माणूस बघून आणि निवडणूक कुठली ते बघून वेगळं बटण दाबतात, आपल्याकडे लोकसभेला एक आणि महापालिकेला दुसरं असं होतंच की.

आता मतदानाचा टक्का. अमेरिकेत 2020 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत सुमारे 66 टक्के मतदान झालं, तेही गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात जास्त, आणि 2014 च्या मध्यावधीला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध ठरलेल्या वेळी होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीला, जेमतेम 36-37 टक्के. नुसत्या शहराच्या निवडणुका वेगळ्या महिन्यात असल्या की बऱ्याच ठिकाणी त्याच्याही खाली घसरतात. व्हरमाँटमध्ये मार्चचा पहिला मंगळवार हा टाऊन मीटिंग डे, मेयर, कौन्सिल, शाळांचं बजेट सगळं त्या दिवशी. टीव्हीवर गाजावाजा नाही, बाहेर बर्फ, मग जातं कोण? साधारणपणे स्वतःचं घर असलेले, वयाने मोठे, प्रॉपर्टी टॅक्स भरणारे. भाड्याने राहणारी तरुण मुलं आणि युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी मागे राहतात. म्हणजे शहर ज्या विचाराचं आहे आणि शहर ज्यांच्या मतावर चालतं ती दोन वेगळी माणसं असू शकतात, मला यातलं सगळ्यात काळजीचं हेच वाटतं. शिक्षणाचा प्रश्न नाही ताई, तारखेचा आहे. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये कायदाच केला की ज्या शहरांत लोकल निवडणुकीचा टक्का फारच कमी पडतो त्यांनी ती राज्याच्या मोठ्या निवडणुकीबरोबर घ्यावी, आणि तारीख बदलली की टक्का वाढतो हे तिथे दिसलंय.

एक मात्र लक्षात ठेवा, तिकडचे हे टक्के मतदानाला पात्र असलेल्या सगळ्या लोकांवर काढलेले असतात आणि आपले यादीत नाव असलेल्यांवर. त्यामुळे 66 ला 66 लावून तुलना करू नका.

एका मताने काय होतं असं मुलीच्या ऑफिसातलं कोणी म्हणालं तर तिला 1981 सांगायला सांगा. आज अमेरिकन सिनेटमध्ये असलेले डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स तेव्हा बर्लिंग्टनच्या मेयरपदासाठी अपक्ष उभे राहिले, 1971 पासून मेयर असलेल्या डेमोक्रॅट गॉर्डन पकेटना त्यांनी फक्त 10 मतांनी हरवलं आणि पुढे 1989 पर्यंत मेयर राहिले. आज त्यांना जग ओळखतं ते या 10 मतांमुळे. आणि तुम्ही तर जोगेश्वरीच्या, 2024 ला तुमच्याच मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले, लाखो मतांमधून 48!

आता मुलगी-जावयाचं. बर्लिंग्टनने कायदेशीर राहणाऱ्या परदेशी नागरिकांना फक्त शहराच्या निवडणुकीत मताचा हक्क दिलाय, 2023 मध्ये लोकांनी कौल दिला, गव्हर्नरनी व्हेटो केला आणि विधिमंडळाने तो मोडून काढला. ग्रीन कार्डवाले त्यात येतात. सिटी क्लर्कच्या ऑफिसात जाऊन वेगळ्या यादीत नाव घालायचं. पण राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस यांच्या बॅलटला चुकूनही हात लावू नका म्हणावं, तो गुन्हा आहे, ग्रीन कार्ड जाऊ शकतं. नाव घालताना फॉर्म नीट वाचा, अमेरिकन नागरिक आहे यावर टिक करायची नाही. आणि भारतीय पासपोर्ट आहे तोवर फॉर्म 6A भरून इथल्या यादीतही नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं.

प्रश्न: अमेरिकेत मतदान मंगळवारीच का? सुट्टी का देत नाहीत? (एक वाचक, दादर)

उत्तर: 1845 चा कायदा आहे. तेव्हा लोक शेतकरी, नोव्हेंबरपर्यंत कापणी उरकलेली, रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडीने मतदानाच्या गावापर्यंत प्रवास, म्हणून मंगळवार. देशभर सुट्टी आजही नाही, काही राज्यं देतात, आणि पोस्टाने किंवा आधीच मतदान करायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे, व्हरमाँट तर नोव्हेंबरच्या निवडणुकीला यादीत नाव चालू असलेल्या प्रत्येक मतदाराच्या घरी बॅलट पाठवतं. आपल्याकडे भरपगारी सुट्टी मिळते, तरी 2024 च्या लोकसभेला मुंबई पन्नाशीच्या थोडीच वर गेली. मला विचाराल तर सुट्टीपेक्षा घरी येणारा कागद जास्त उपयोगाचा.